दाब आणि ठोका : चुकीच्या बसलेल्या प्रायमरची गोष्ट

काडेपेटीच्या पट्ट्यावर काडी अगदी सावकाश ओढून पाहा. गुल घासला जातो, पट्ट्यावर रेघ उमटते, पण काडी पेटत नाही. तीच काडी, तेवढाच जोर लावून झटक्यात ओढली की भुरकन पेटते. दोन्ही वेळा अंतर तेच होते आणि बोटांचा जोरही साधारण तेवढाच होता. म्हणजे घर्षणाविरुद्ध केलेले कार्यही जवळजवळ सारखेच झाले. मग एकदा जाळ आणि एकदा नुसती रेघ, असे का?

कार्य म्हणजे बल गुणिले अंतर, हे सूत्र आपण वर्गात शिकवतो. या सूत्रात वेळ कोठेच नाही. म्हणून विद्यार्थ्यांना वाटते की ऊर्जा तेवढीच असेल तर परिणामही तेवढाच व्हायला हवा. निसर्गात अनेक ठिकाणी तसे होत नाही. ऊर्जा किती दिली याबरोबरच ती किती वेळात दिली आणि किती जागेत दिली, यावर सारे अवलंबून असते. ही गोष्ट लख्खपणे दाखवणारे एक उदाहरण बंदुकीच्या काडतुसात सापडते. त्यासाठी आपल्याला एका परदेशी छंदाची थोडी ओळख करून घ्यावी लागेल.

अमेरिकेत नेमबाजीचा छंद असलेले अनेक लोक आपली काडतुसे घरीच पुन्हा भरतात. गोळी सुटल्यावर मागे उरते ती पितळी पुंगळी. काडतुसातला सर्वांत महाग आणि टिकाऊ भाग तोच. ती पुंगळी साफ करायची, हातयंत्रात दाबून पुन्हा मापात आणायची, बुडातला जळलेला प्रायमर काढून तेथे नवा बसवायचा, मोजून दारू भरायची आणि तोंडाशी गोळी बसवायची. या कामात कधी ना कधी एखादा प्रायमर तिरपा, उलटा किंवा अर्धवट बसतो. मग प्रश्न उभा राहतो : हा चुकलेला, पण अजून न उडालेला प्रायमर बाहेर काढावा का? आणि काढलाच, तर पुन्हा वापरावा का? २०२० नंतरची एकदोन वर्षे अमेरिकेत प्रायमरची मोठी टंचाई होती. तेव्हा तर हा प्रश्न अनेकांना पडला असणार. वरवर पाहता हा काटकसरीचा प्रश्न आहे. पण त्याचे उत्तर शोधताना आपण भौतिकशास्त्रातून संख्याशास्त्रात जाऊन पोहोचतो.

वाटी, मसाला आणि ऐरण

काडतुसाचे चार भाग असतात : गोळी, दारू, पुंगळी आणि प्रायमर. आजची धूररहित दारू नुसत्या ठोक्याने सहसा पेटत नाही, तिला ज्वाला लागते. ही ज्वाला देण्याचे काम प्रायमरचे. पुंगळीच्या बुडाशी मध्यभागी एक गोल खळगा असतो. त्यात प्रायमर घट्ट बसवलेला असतो. खळग्याच्या तळाला एक बारीक छिद्र असते, त्यातून ज्वाला आतल्या दारूपर्यंत पोहोचते.

प्रायमर म्हणजे मऊ धातूची एक चिमुकली वाटी. प्रचलित मापांत तिचा व्यास सुमारे साडेचार किंवा सव्वापाच मिलिमीटर असतो. वाटीच्या तळाशी स्फोटक मसाल्याचा पातळ थर दाबून बसवलेला असतो. त्याचे वजन साधारणपणे २० ते ४० मिलिग्रॅम, म्हणजे तांदळाच्या एकदोन दाण्यांइतके. या थरावर दोन किंवा तीन पायांचा धातूचा एक छोटा तुकडा टेकवलेला असतो. इंग्रजीत त्याला जे नाव आहे त्याचा अर्थच ऐरण असा होतो, म्हणून आपणही त्याला ऐरणच म्हणू. ऐरणीचे टोक मसाल्याकडे असते आणि पाय खळग्याच्या तळावर टेकतात. बंदुकीची पिन बाहेरून वाटीवर आदळते, वाटीला खोक पडते आणि मसाला वाटी व ऐरणीचे टोक यांच्यामध्ये चिरडला जातो. लोहाराच्या भात्याशेजारी जे घडते तेच येथे अगदी लहान प्रमाणात घडते. ऐरण स्थिर असेल तरच घणाचा घाव कामी येतो.

या रचनेमागे मोठा इतिहास आहे. पूर्वीच्या बंदुकीत चकमकीच्या ठिणगीने दारू पेटे. ठिणगी पडणे आणि गोळी सुटणे यांत क्षणभराचे अंतर राही. तेवढ्यात पक्षी सावध होऊन उडून जात. स्कॉटलंडमधील अलेक्झांडर फोर्सिथ या पाद्र्याला शिकारीची हौस होती. ठोका बसताच पेटणारा मसाला वापरून त्याने ही अडचण दूर केली आणि १८०७ साली त्याचे पेटंट घेतले. त्याआधी १८०० साली एडवर्ड हॉवर्ड या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने पाऱ्याच्या फल्मिनेटचे वर्णन प्रसिद्ध केले होते. पुढे हा मसाला तांब्याच्या टोपीत भरला जाऊ लागला. १८५७च्या उठावाच्या संदर्भात एनफिल्ड रायफलीच्या चरबी लावलेल्या काडतुसांची हकिगत आपण शिकवतो. ती काडतुसे कागदाची होती आणि त्यांत फक्त दारू व गोळी असे. ठोक्याची टोपी शिपायाला बंदुकीवर वेगळी बसवावी लागे. पुढे दहा वर्षांच्या आतच गोळी, दारू आणि ठोक्याचा मसाला हे तिन्ही एकाच काडतुसात आले. इंग्लंडमध्ये एडवर्ड बॉक्सर आणि अमेरिकेत हायरम बर्डन यांनी १८६६च्या सुमारास दोन वेगवेगळ्या रचना दिल्या. बॉक्सरच्या रचनेत ऐरण प्रायमरच्या आतच असते आणि छिद्र एकच, तेही मधोमध. बर्डनच्या रचनेत ऐरण पुंगळीचाच भाग असते आणि छिद्रे सहसा दोन, बाजूंना. गंमत अशी की इंग्रजाची रचना अमेरिकेत रुजली आणि अमेरिकनाची रचना युरोपात. मधल्या छिद्रातून सरळ सळई घालून जुना प्रायमर ढकलता येतो, म्हणून पुंगळी पुन्हा भरण्याचा छंद बॉक्सरच्या रचनेवरच वाढला.

हा उद्योग आपल्याला अगदी परका नाही. पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ साली सुरू झाला. जळगाव जिल्ह्यातील वरणगावच्या कारखान्यातही लहान शस्त्रांची काडतुसे तयार होतात. अर्थात तेथील काम कारखान्याच्या शिस्तीत, तपासण्यांच्या साखळीतून होते. आपला प्रश्न आहे तो एकट्या माणसाच्या हातून चुकलेल्या एका प्रायमरचा.

अर्धवट बसलेला प्रायमर

नीट बसलेल्या प्रायमरचा पृष्ठभाग पुंगळीच्या बुडापेक्षा किंचित आत असतो. हे अंतर साधारण वहीच्या कागदाच्या जाडीएवढे, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असते. एवढे आत ढकलले की ऐरणीचे पाय खळग्याच्या तळाला टेकतात आणि टोक मसाल्यावर हलकेसे रुतते. आता ऐरण खऱ्या अर्थाने पक्की झाली.

प्रायमर पुरेसा आत गेला नाही तर तो बुडाच्या वर डोकावतो. पुष्कळांना वाटते की वर आलेला प्रायमर अधिक सहज उडेल. बरेचदा उलटेच होते, तो उडतच नाही. कारण ऐरणीचे पाय अधांतरी असतात. पिनेचा ठोका बसला की सगळा प्रायमरच खळग्यात पुढे सरकतो आणि ठोक्याची ऊर्जा त्याला बसवण्यात खर्ची पडते. दुसरा ठोका दिला की मात्र तो उडतो, कारण पहिल्या ठोक्याने ऐरण टेकवून दिलेली असते. मऊ गादीवर ठेवलेल्या सुपारीवर बत्ता मारला तर ती फुटत नाही, गादी दबते. सुपारी पाट्यावर ठेवली की एका घावात तिचे तुकडे होतात. तसेच हे.

पण वर आलेल्या प्रायमरचा दुसरा चेहरा धोक्याचा आहे. काही स्वयंचलित रायफलींमध्ये पिन मोकळी असते. काडतूस आत सरकून बंदुकीचा मागचा भाग धाडकन बंद होतो, तेव्हा पिन स्वतःच्या वेगाने पुढे जाऊन प्रायमरला हलकासा स्पर्श करते. वर आलेल्या प्रायमरला हा स्पर्श अधिक जोराचा होऊ शकतो, आणि चाप न ओढताच गोळी सुटू शकते. म्हणजे तोच दोष एका परिस्थितीत ‘उडत नाही’ असा दिसतो, तर दुसऱ्या परिस्थितीत ‘नको तेव्हा उडतो’ असा.

एक छोटा हिशेब

आता मूळ कोड्याकडे वळू. समजा, ११० ग्रॅम वजनाचा पोलादी गोळा २८ सेंटिमीटर उंचीवरून पिनेवर सोडला. त्याची ऊर्जा किती? वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची, म्हणजे ०.११ × ९.८ × ०.२८, सुमारे ०.३ ज्यूल. प्रायमर उडण्यासाठी लागणारी ऊर्जा साधारण या पायरीची असते.

दुसरीकडे, प्रायमर हातयंत्राने खळग्यात दाबताना १०० न्यूटन बल, म्हणजे सुमारे दहा किलो वजनाइतका जोर, तीन मिलिमीटर अंतरभर लावला असे मानू. कार्य झाले १०० × ०.००३, म्हणजे तेही ०.३ ज्यूल. प्रायमर उडवायला जेवढी ऊर्जा लागते तेवढीच बसवायलाही लागली! तरीही बसवताना प्रायमर उडत नाही. तसे असते तर हा छंद केव्हाच बंद पडला असता.

आता वेळ हिशेबात घ्या. पिन सेकंदाला ४ मीटर वेगाने आली आणि अर्धा मिलिमीटर रुतून थांबली असे धरू. थांबतानाचा सरासरी वेग २ मीटर, म्हणून लागलेला वेळ सेकंदाचा चार हजारावा भाग. ०.३ ज्यूल ऊर्जा एवढ्या वेळात, म्हणजे शक्ती झाली १२०० वॅट. हातयंत्राचा दांडा अर्ध्या सेकंदात दाबला, तर शक्ती झाली ०.६ वॅट. एक शक्ती विजेच्या मोठ्या इस्त्रीची, तर दुसरी छोट्या विजेरीच्या बल्बाची. दोहोंत दोन हजार पटींचा फरक आहे. शिवाय बसवताना जोर वाटीच्या सपाट पाठीवर सर्वत्र विभागला जातो आणि बराचसा जोर वाटीची कड व खळग्याची भिंत यांच्यातल्या घर्षणात संपतो. पिनेचा जोर मात्र दीडदोन मिलिमीटरच्या टोकाखाली एकवटतो.

तापलेला कण

एवढ्याने कोडे पूर्ण सुटत नाही. ०.३ ज्यूल ऊर्जा सगळ्या मसाल्यात सारखी वाटली गेली तर तो किती तापेल? मसाला ३० मिलिग्रॅम धरा आणि एक ग्रॅम मसाला एक अंशाने तापवायला ढोबळमानाने एक ज्यूल लागतो असे माना. उत्तर येते अवघे १० अंश सेल्सिअस. आजच्या बहुतेक प्रायमरमध्ये शिशाचे स्टिफ्नेट हे मुख्य स्फोटक असते, आणि ते पेटायला अडीचशे अंशांहून अधिक तापमान लागते. दहा अंशांनी तर ते नुसते कोमट होईल!

या अडचणीचे उत्तर केंब्रिज येथे फ्रँक बाउडन आणि अब्राहम योफी यांनी दिले. त्यांचा या विषयावरचा ग्रंथ १९५२ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी दाखवले की आघाताची ऊर्जा सर्वत्र सारखी पसरत नाही. स्फटिकांच्या कडा एकमेकींवर घासतात, टणक कण मसाल्यात रुततात, अडकलेल्या हवेचे बुडबुडे एकाएकी दाबले जातात. अशा मोजक्या जागी ऊर्जा एकवटते आणि तेथे अतिशय लहान, पण अतिशय तप्त ठिपके तयार होतात. हे ठिपके मिलिमीटरच्या दहा हजाराव्या ते शंभराव्या भागाएवढे असतात. त्यांचे तापमान चारशे अंशांच्या पुढे जाते, आणि ते सेकंदाच्या लाखाव्या ते हजाराव्या भागापर्यंत टिकतात. तेवढ्यात ठिपक्याभोवतालचा मसाला पेटला तर आग पसरते, नाहीतर ठिपका विझतो. अनेक प्रायमरच्या मसाल्यात काचेची पूड घालत, ती असे टणक कण मिळावेत म्हणूनच.

ठिपका विझतो तो उष्णता आजूबाजूला पसरते म्हणून. उष्णता किती दूर पसरेल याचा अंदाज सोपा आहे. अंतराचा वर्ग भागिले वेळ ही राशी पदार्थागणिक ठरलेली असते. अशा मसाल्यासाठी ती सेकंदाला चौरस मीटरचा एक कोट्यंश मानता येईल. पिनेच्या ठोक्याच्या वेळात, म्हणजे सेकंदाच्या चार हजाराव्या भागात, उष्णता अवघी ५ मायक्रोमीटर पसरते, म्हणजे जवळजवळ जागच्या जागी राहते. हातयंत्राच्या अर्ध्या सेकंदात मात्र ती सुमारे २२० मायक्रोमीटर पसरते. अंतराने हे चाळीस पटींहून जास्त झाले, तर आकारमानाने हजारो पटींनी. तेवढीच उष्णता एवढ्या मोठ्या जागेत विरून गेली की तप्त ठिपका शिल्लक राहत नाही. काडेपेटीच्या काडीचेही हेच आहे. सावकाश ओढली तर प्रत्येक कणाची उष्णता पुढचा कण घासला जाण्यापूर्वीच निघून जाते.

म्हणजे दाब आणि ठोका यांत ऊर्जेचा फरक नसला तरी वेळेचा फरक असतो. मसाल्याच्या दृष्टीने तोच निर्णायक ठरतो.

बसवणे आणि काढणे सारखे नाही

मग चुकीचा बसलेला प्रायमर तितक्याच सावकाश मागे ढकलला तर तोही न उडता बाहेर यायला हवा. बहुतेक वेळा तसे होतेही. पण येथे दोन गोष्टी आड येतात आणि दोन्ही शाळेतल्या भौतिकशास्त्राच्याच आहेत.

पहिली गोष्ट बलाच्या वाटेची. बसवताना जोर वाटीच्या पाठीवर पडतो आणि वाटीच्या कडेच्या घर्षणात संपतो. ऐरण तळाला टेकेपर्यंत मसाल्यावर भार जवळजवळ येतच नाही. काढताना सळई आतून, छिद्रातून येते आणि थेट ऐरणीवर टेकते. ऐरणीचे टोक मसाल्यावर आणि मसाला वाटीवर. म्हणजे प्रायमर बाहेर ढकलणाऱ्या जोराचा मोठा भाग मसाल्यातूनच जातो. पिनेने जे बाहेरून केले असते तेच सळई आतून करते, फक्त सावकाश.

दुसरी गोष्ट घर्षणाची. जड कपाट ढकलताना आपण जोर वाढवत जातो. ते हलत नाही, हलत नाही, आणि मग एकदम घसरते. स्थिर घर्षण गतिज घर्षणापेक्षा जास्त असते, त्याचा हा परिणाम. तिरप्या बसलेल्या, कड दुमडलेल्या प्रायमरचेही असेच होते. दांड्यावरचा जोर वाढत जातो, सगळे भाग स्प्रिंगसारखे किंचित ताणले जातात आणि अडकलेला प्रायमर सुटला की साठलेली ऊर्जा क्षणार्धात मोकळी होते. सावकाश दिलेल्या दाबाचा ठोका केव्हा झाला हे हाताला कळत नाही. पुंगळीत दारू असेल तर त्या क्षणाचे परिणाम फार गंभीर होतात. दारू नसली तरी डोळा किंवा कान कायमचा जाऊ शकतो. म्हणूनच काडतुसे भरण्याविषयीच्या सूचनापत्रकांत न उडालेला प्रायमर ढकलून काढू नये असे बजावलेले आढळते. तरीही अनेक छांदिष्ट ते करतात आणि बहुतेकांचे निभावते. ‘बहुतेकांचे निभावते’ या शब्दांचा नेमका अर्थ काय, हे आता पाहू.

गटाबाहेर पडलेला प्रायमर

एखादा प्रायमर चांगला आहे की नाही, हे कसे तपासणार? तो उडवूनच. आणि उडवला की तो संपला. प्रायमरच्या संवेदनशीलतेची न उडवता करता येईल अशी चाचणी नाही. म्हणून कारखान्यात एका गटातून नमुने काढतात आणि त्यांवर ठराविक वजनाचा गोळा वेगवेगळ्या उंचीवरून सोडतात. एका ठराविक उंचीखाली एकही उडता कामा नये आणि दुसऱ्या ठराविक उंचीच्या वर प्रत्येक उडायला हवा. मधल्या पट्ट्यात काही उडतात, काही नाहीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील ब्रुस्टन येथील प्रयोगशाळेत यासाठी एक सुटसुटीत रीत वापरात आली. नमुना उडाला तर पुढच्या नमुन्यासाठी उंची एक पायरी कमी करायची, नाही उडाला तर एक पायरी वाढवायची. असे करत गेले की चाचण्या आपोआप त्या उंचीभोवती जमा होतात जेथे निम्मे उडतात आणि निम्मे नाही. त्यावरून सरासरी आणि प्रमाण विचलन दोन्ही काढता येतात. बारावीच्या वर्गात संख्याशास्त्र शिकवताना हे उदाहरण सांगण्याजोगे आहे.

डब्यातल्या शंभर प्रायमरांवर आपण विश्वास ठेवतो तो त्यांतल्या प्रत्येकाची परीक्षा झाली म्हणून नव्हे. ते एका गटाचे आहेत, त्याच मसाल्याचे, त्याच दाबाचे, आणि त्या गटाच्या नमुन्यांची परीक्षा झालेली आहे, म्हणून. खळग्यात तिरपा दाबला गेलेला आणि मग सळईने मागे ढकललेला प्रायमर आता त्या गटाचा राहिला नाही. त्याची ऐरण सरकली असेल. मसाल्याच्या थराला तडा गेला असेल किंवा त्याचा कण सुटला असेल. वाटीची कड वाकली असेल. तो आधीपेक्षा मंद झाला असेल किंवा अधिक नाजूक झाला असेल. पाऱ्याच्या फल्मिनेटच्या बाबतीत तर असे दिसून आले होते की ते प्रमाणाबाहेर दाबले की नीट उडेनासेच होते. बाहेरून पाहून यातले काहीच कळत नाही. दहा जणांनी असे प्रायमर वापरले आणि ते उडाले, यावरून अकराव्याविषयी फारसे काही सिद्ध होत नाही, कारण प्रत्येकाची इजा वेगळी असते.

असा प्रायमर पुन्हा वापरला तर तीन शक्यता संभवतात. तो नेहमीसारखा उडेल, अजिबात उडणार नाही, किंवा क्षणभर उशिरा उडेल. तिसरी शक्यता सर्वांत वाईट. नेमबाज ‘उडाले नाही’ असे समजून बंदूक उघडू लागतो आणि तेवढ्यात काडतूस पेटते. म्हणून नेम धरून चाप ओढला आणि आवाज आला नाही तर नळी लक्ष्याकडेच ठेवून थांबावे, हा जगभरचा नियम आहे. साधारण अर्धा मिनिट थांबण्याची शिकवण अनेक ठिकाणी असते. राष्ट्रीय छात्रसेनेत असलेल्या विद्यार्थ्यांनी .२२ बोअरच्या रायफलीने नेमबाजी केलेली असते, त्यांना हा नियम ठाऊक असेल. तो नियम या तिसऱ्या शक्यतेसाठी आहे. .२२च्या त्या काडतुसात वेगळा प्रायमर नसतो, मसाला पुंगळीच्या बुडाच्या पोकळ कडेतच भरलेला असतो. म्हणून ती पुंगळी सहसा पुन्हा भरत नाहीत.

तेव्हा काटकसरीचा हिशेब असा मांडायला हवा : वाचतो तो काडतुसातला एक स्वस्त भाग, आणि पणाला लागतो तो डोळा. पुंगळी मात्र वारंवार वापरता येते आणि तिचा इतिहास डोळ्यांनी तपासता येतो. तडा गेला की तो दिसतो. पण तिलाही एकेकाळी प्रायमरनेच दगा दिला होता. जुन्या मसाल्यातला पारा ठोक्यानंतर मोकळा होऊन पितळात मुरे आणि पितळ ठिसूळ होई. पुंगळ्या पुन्हा वापरता येईनात, हेही फल्मिनेट मागे पडण्याचे एक कारण होते. त्यानंतरच्या मसाल्यांत पोटॅशियम क्लोरेट असे. त्यातून उरणारे क्लोराइड दमट हवेत नळीला गंज आणी. मग शिशाचे स्टिफ्नेट आले, आणि आता त्यातल्या शिशाच्या धुळीमुळे शिसेविरहित मसाले शोधले जात आहेत. एकेका सोयीची किंमत पुढच्या पिढीला कळते, ती अशी.

वर्गात काय सांगावे

या विषयाचे प्रयोग प्रायमरवर करायचे नाहीत, हे सांगायला नकोच. आपल्याकडे शस्त्र अधिनियम, १९५९ मधील दारूगोळ्याच्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भागही येतात, आणि ते परवान्याशिवाय बाळगणे हा गुन्हा आहे. पण दाब आणि ठोका यांतला फरक दाखवायला स्फोटक लागतच नाही.

लोखंडी तारेचा हातभर तुकडा घ्या. एकाच जागी तो भराभर वीस वेळा वाकवा आणि लगेच ती जागा ओठांजवळ धरा. ऊब जाणवेल. दुसरा तुकडा दर अर्ध्या मिनिटाला एकदा असा वीस वेळा वाकवा. ऊब जाणवणार नाही. कार्य दोन्ही वेळा सारखेच झाले. तसेच सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने दाबून दट्ट्या भराभर मारा, आणि नंतर अगदी सावकाश मारा. पंपाच्या तळाशी हात लावून फरक पाहा. विद्यार्थ्यांना दोन्ही वेळच्या शक्तीचा अंदाजे हिशेब करायला सांगा.

दिवाळीतल्या टिकल्यांचे उदाहरणही मुलांच्या अनुभवातले आहे. टिकलीत क्लोरेट आणि तांबडा फॉस्फरस यांचा किंचितसा मसाला असतो. ती दगडाने ठोकली की फुटते. अंगठ्याने दाबली तर बहुधा फुटत नाही, म्हणून मुलांचा समज होतो की दाबायला हरकत नाही. पण नखाने खरवडली तर फुटू शकते, कारण नखाच्या टोकाशी घर्षण एकवटते. ‘बहुधा’ आणि ‘कधीच’ यांतला फरक येथेच समजावून द्यावा.

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगावी. विहिरीच्या खोदकामात आणि दगडाच्या खाणीत सुरुंगासाठी वापरायच्या केपा कधीकधी मागे राहून जातात. धातूची चकचकीत नळी, तिला दोन तारा. मुलांना ती खेळणे वाटते. तिच्यातले स्फोटक प्रायमरमधल्यापेक्षा कितीतरी जास्त असते आणि ती हाताची बोटे उडवू शकते. पावसात भिजली म्हणजे निकामी झाली, असा समज सर्वत्र असतो. तो चुकीचा आहे. प्रायमरचा मसाला कारखान्यात ओला असतानाच भरतात, कारण ओला असताना तो कमी संवेदनशील असतो. वाळला की तो पुन्हा पूर्वीसारखाच होतो. तेलात बुडवलेला प्रायमर मेला, असेही काही नेमबाज मानतात. पण प्रायमरवर लाखेचा किंवा कागदाचा पडदा असतो आणि तेल आत शिरलेच असेल याची खात्री देता येत नाही.

म्हणून अशी वस्तू सापडली तर तिला हात लावायचा नाही, ठोकायचे नाही, उकलायचे नाही, आगीत टाकायचे नाही. जागा लक्षात ठेवून मोठ्यांना सांगायचे आणि मोठ्यांनी पोलिसांना. ‘मी हळूच उचलली होती, काही झाले नाही’ असे एखादा विद्यार्थी म्हणाला, तर त्याला तारेचा प्रयोग करून दाखवावा आणि सांगावे की हळू उचलणे तुझ्या हातात होते, पण ती हातातून निसटून दगडावर पडली असती तर तो ठोका किती वेळात बसला असता, हे तुझ्या हातात नव्हते.